शापोरा किल्ला की पर्रा रोड? गोव्यात एकच फिल्मी स्पॉट बघायचा असेल तर

दोन्ही जागा बार्देश तालुक्यात, स्कूटीने एकमेकींपासून फार लांब नाहीत, पण मजा पूर्ण वेगळी.

शापोरा म्हणजे 'दिल चाहता है' (2001) वाला किल्ला, ते तिघं मित्र तटावर बसून समुद्र बघतात ना, तोच. खालून चढायला थोडीच वाट आहे, पण जांभ्या दगडाची, माती सुटी, त्यामुळे चपला घालून गेलात तर उतरताना फजिती पक्की. आत बघायला तसं काही उरलेलं नाही, तट आणि बुरुज तेवढे आहेत, सावली तर नाहीच म्हणून दुपारी चुकूनही जाऊ नका. पण वर पोचलात की एका बाजूला वागातोरचा बीच, दुसरीकडे शापोरा नदी समुद्राला मिळते ते दिसतं, आणि पिक्चर बघितला नसेल तरी काही बिघडत नाही. संध्याकाळी गर्दी होते, तीही बरीचशी त्या पोजमध्ये फोटो काढणारी :)

पर्राचा रस्ता 'डिअर झिंदगी' (2016) नंतर फेमस झाला. दोन्ही बाजूंना माड, मधून सरळ डांबरी रस्ता, बास. फोटो भारीच येतो, पण दहा मिनिटांत काम संपतं आणि तो गावातल्या लोकांचा रोजचा रस्ता आहे, मधोमध ट्रायपॉड लावून बसलं की मागून हॉर्न वाजणारच, त्यांची काय चूक? उन्हाळ्यात गेलात तर पर्राची कलिंगडं मिळतायत का बघा.

माझं मत शापोराला. पर्रा म्हापशाला जाता-येता उरकता येतं, आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र तेच करा.