पुसलेले दप्तर परत आणताना: रेकुव्हा, फोटोरेक आणि विंडोज फाइल रिकव्हरी

पुसल्या गेलेल्या फायली परत मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरची पारख स्कॅननंतर समोर येणाऱ्या लांबलचक यादीवरून करू नये, परत आलेल्या फायलींपैकी किती फायली खरोखर उघडतात यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. हे मत नेरुळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या संगणकावर तीन मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिल्यावर बनले. त्या तिन्हींविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण नवी मुंबईतल्या शेकडो सोसायट्यांचे दप्तर आज अशाच एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर साठवलेले आहे आणि त्याची दुसरी प्रत बहुतेक ठिकाणी नसते.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून लेखापरीक्षणाची तयारी चालू होती. कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या बाईंनी डी ड्राइव्हवर जागा करण्यासाठी 'जुने' या नावाचा एक फोल्डर शिफ्ट आणि डिलीट या दोन कळा एकत्र दाबून काढून टाकला. त्या पद्धतीने काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही. फोल्डरमध्ये मागच्या सभांची इतिवृत्ते, सदनिका हस्तांतरणाचे कागद, सिडकोशी झालेला पत्रव्यवहार आणि भाडेकरूंच्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती होत्या. सचिवांचा फोन आला तेव्हा मी त्यांना एवढेच सांगितले, "काका, संगणक आत्ताच्या आत्ता बंद करा आणि मी येईपर्यंत कोणालाही सुरू करू देऊ नका." या एका सूचनेचे मोल पुढे जे काही मिळाले त्यात सर्वांत मोठे आहे.

त्याचे कारण समजून घेतले तर ही सॉफ्टवेअर काय करू शकतात आणि काय नाही, तेही कळते. विंडोज डिस्कवर फायली ज्या नेहमीच्या पद्धतीने मांडते त्या एनटीएफएस रचनेत प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या एका तक्त्यात असते. फाइल कायमची डिलीट केली की त्या नोंदीवर ती वापरात नसल्याची खूण होते आणि फाइलने व्यापलेली जागा मोकळी म्हणून जाहीर होते. हार्ड डिस्कवरचा प्रत्यक्ष मजकूर मात्र तिथेच राहतो. पुढे दुसरी एखादी फाइल त्या जागेवर लिहिली गेली की जुना मजकूर गेला, आणि तो जगातले कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणूनच रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर डाउनलोड करणे किंवा परत मिळालेल्या फायली त्याच ड्राइव्हवर साठवणे हा सर्वांत घातक प्रकार आहे. आम्ही हार्ड डिस्क खोक्यातून बाहेर काढली, हार्ड डिस्कच्या साटा या जोडणीला यूएसबी जोडणारा एक साधा कनेक्टर आणला आणि ती माझ्या लॅपटॉपला बाहेरून जोडली. परत येणाऱ्या फायलींसाठी तिसरी, वेगळी डिस्क ठेवली.

पहिली पाळी रेकुव्हाची. संगणकाची साफसफाई करणारे सीक्लीनर बनवणाऱ्या पिरिफॉर्म कंपनीने २००७ मध्ये हे सॉफ्टवेअर आणले, आणि २०१७ मध्ये अँटिव्हायरस बनवणाऱ्या अवास्टने ती कंपनी विकत घेतली. रेकुव्हा फक्त विंडोजवर चालते. मोफत आवृत्तीत किती फायली परत घ्याव्यात याला मर्यादा नाही, आणि इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून थेट चालवता येईल अशी पोर्टेबल आवृत्तीही मिळते. शक्यतो तीच घ्यावी. सुरुवातीला ते फाइलचा प्रकार आणि ठिकाण विचारते, मग डीप स्कॅन, म्हणजे अधिक खोलवरचा आणि सावकाश शोध, करायचे का ते विचारते. साध्या स्कॅनमध्ये ते मास्टर फाइल टेबलातल्या खुणा केलेल्या नोंदी वाचते, त्यामुळे काम झटकन होते आणि फायलींची मूळ नावे व फोल्डर दोन्ही दिसतात. आमची इतिवृत्ते 'वार्षिक सभा २०१४' अशा देवनागरी नावांनी साठवलेली होती आणि ती नावे काना-मात्रेसह जशीच्या तशी आली.

यादीत प्रत्येक फाइलपुढे हिरवा, नारिंगी किंवा लाल ठिपका असतो. बरेच जण हिरवे ठिपके पाहून निश्चिंत होतात. त्या ठिपक्यापेक्षा उजवीकडच्या माहितीच्या भागाकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. फाइल निवडली की तिथे ती कोणत्या जागेवर होती आणि त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले आहे का, हे येते. लिहिले गेले असेल तर कोणत्या फाइलने, त्याचा मार्गही येतो. आमच्या २०११ सालच्या एका हस्तांतरण अर्जाच्या स्कॅनपुढे लाल ठिपका होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या फाइलचे नाव होते चालू महिन्याच्या देखभाल बिलाची पीडीएफ. फोल्डर डिलीट झाल्यानंतर आणि संगणक बंद होण्यापूर्वी, त्याच दुपारी बिले तयार करून डी ड्राइव्हवर साठवली गेली होती. नेमके काय गेले आणि कशामुळे गेले हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे साधन हाती असणे मला फार मोलाचे वाटते, कारण त्या अर्जाची मूळ कागदी प्रत शोधायला आम्ही लगेच लागलो आणि ती सभासदाकडे मिळाली.

एक सेटिंग मात्र रेकुव्हात स्वतःहून चालू नसते आणि ते विसरल्यास मोठा गोंधळ होतो. पर्यायांमध्ये जाऊन फोल्डरची मूळ रचना राखण्याच्या चौकोनात खूण करावी लागते. नाहीतर वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली एकाच ठिकाणी येऊन पडतात. सोसायटीच्या कामात 'अर्ज' नावाची फाइल दर वर्षाच्या फोल्डरमध्ये असते, त्यामुळे या चौकोनाचे महत्त्व मी अधिक काय सांगावे. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमलाही त्याच्या फायली त्याच नावांनी आणि ठरलेल्या फोल्डरमध्येच लागतात, तेव्हा हिशेबाचा डेटा परत आणायचा असेल तर नावे आणि रचना राखणारे सॉफ्टवेअर हाच खरा मार्ग आहे.

रेकुव्हाने आमच्या दप्तराचा बराच मोठा भाग परत दिला. उरलेल्यासाठी फोटोरेक लावले. क्रिस्तोफ ग्रेनिए या प्रोग्रॅमरने लिहिलेले हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर टेस्टडिस्क या त्याच्याच जोडीदार प्रोग्रॅमबरोबर एकाच डाउनलोडमध्ये मिळते, आणि ते विंडोज, लिनक्स व मॅक तिन्हींवर चालते. नावात फोटो असले तरी ते ४८० हून अधिक एक्स्टेन्शनच्या फायली ओळखते. त्याची काम करण्याची रीत अगदी वेगळी आहे. ते नोंदींच्या तक्त्याकडे पाहतच नाही. डिस्कवरचा मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत जाते आणि पीडीएफ, जेपीजी किंवा वर्डची फाइल ज्या ठरावीक बाइट्सनी सुरू होते ती सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलते. त्यामुळे तक्ताच बिघडलेला असेल, ड्राइव्ह फॉरमॅट झालेला असेल किंवा जुन्या नोंदी पुसल्या गेल्या असतील, तरी फोटोरेक काहीतरी शोधून काढते.

या ताकदीची किंमतही त्याच रीतीत आहे. नोंद वाचलेली नसल्याने फाइलचे नाव आणि फोल्डर कळत नाही. परत आलेल्या फायलींना सहसा एफ हे अक्षर आणि पुढे डिस्कवरच्या जागेचा क्रमांक अशी नावे मिळतात आणि त्या क्रमांक दिलेल्या फोल्डरांच्या रांगेत साठत जातात. त्यात वर्षानुवर्षांपूर्वी डिलीट झालेली चित्रे, ब्राउझरने साठवलेली बारीकसारीक चिन्हे, जाहिराती असे सगळे येते. शिवाय एखादी फाइल डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असेल तर ती अर्धवट येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून स्कॅन सुरू करण्यापूर्वी फाइल प्रकारांच्या यादीत जाऊन सगळ्या खुणा काढाव्यात आणि हव्या त्या तीन-चार प्रकारांवरच खूण ठेवावी. इथे एक बारकावा कोणी सांगत नाही: वर्ड आणि एक्सेलच्या २००७ नंतरच्या फायली आतून झिप असतात, त्यामुळे त्या हव्या असतील तर झिप या प्रकारावर खूण करावी लागते, फक्त डॉक या प्रकारावर खूण केली तर जुन्या पद्धतीच्या फायलीच येतात. ज्यांना काळ्या पडद्यावर बाणांच्या कळांनी काम करणे नकोसे वाटते त्यांच्यासाठी क्यूफोटोरेक नावाची माउसने चालणारी आवृत्ती त्याच डाउनलोडमध्ये असते.

आम्हाला फोटोरेकमधून नव्या फायली फार मिळाल्या नाहीत, पण ज्या मिळाल्या त्या महत्त्वाच्या होत्या. एका विशेष सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा कच्चा मसुदा त्यात सापडला, जो पूर्वी केव्हातरी डिलीट झाला होता आणि ज्याची नोंद तक्त्यात उरलीच नव्हती. अंतिम प्रतीवर बिलाची पीडीएफ लिहिली गेली होती. मसुदा मात्र डिस्कच्या दुसऱ्या कोपऱ्यात शाबूत होता. क्रमांकाची नावे असलेल्या फायली उघडून पाहण्यात बरेच कष्ट गेले, हे खरे. तरीही दुसरा टप्पा म्हणून फोटोरेकची शिफारस मी मनापासून करतो.

तिसरे, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले विंडोज फाइल रिकव्हरी. ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मोफत मिळते, त्याला विंडोज १० ची २००४ या क्रमांकाची किंवा तिच्यानंतरची आवृत्ती लागते, आणि ते पूर्णपणे आज्ञा टाइप करून चालवावे लागते. परत येणाऱ्या फायलींसाठी वेगळा ड्राइव्ह दिल्याशिवाय ते काम सुरूच करत नाही, ही शिस्त मला फार आवडली. नुकत्याच डिलीट झालेल्या फायलींसाठी रेग्युलर आणि जुन्या किंवा फॉरमॅट झालेल्या ड्राइव्हसाठी एक्स्टेन्सिव्ह असे दोन प्रकार त्यात आहेत. निकाल चांगला होता, परंतु यादी आधी पाहून निवड करण्याची सोय नाही आणि आज्ञेतला एक तिरका दंड चुकला तरी पुन्हा सुरुवात करावी लागते. संगणकाची सवय असलेल्या माणसाला ते चालेल. सचिव काकांच्या हाती मी ते देणार नाही.

पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरपैकी एकाची चाचणी आवृत्तीही आम्ही चालवली. तिने फायलींची प्रचंड यादी दाखवली, पण आमच्या मराठी वर्ड फायलींचे पूर्वदर्शन रिकामे येत होते आणि परत घेण्यासाठी आधी पैसे भरा असा आग्रह होता. ज्या फाइलचे पूर्वदर्शन उघडत नाही तिच्यासाठी पैसे भरण्यात अर्थ नाही. वाशीच्या एका दुकानानेही डिस्क ठेवून जायला सांगितले होते. त्या डिस्कवर भाडेकरूंच्या आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती होत्या, आणि त्या सभासदांच्या विश्वासावर संस्थेकडे दिलेल्या असतात. त्या अनोळखी हातात जाऊ देणे कार्यकारिणीला योग्य वाटले नाही. घरच्या घरी, इंटरनेट बंद ठेवून चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा फायदा आम्हाला किमतीपेक्षाही मोठा वाटला.

हे सगळे फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कबद्दल झाले. आज विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये सहसा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, असते आणि तिथे चित्र फार वेगळे आहे. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल डिलीट होताच विंडोज एसएसडीला ट्रिम नावाची सूचना पाठवते, आणि एसएसडी ती जागा आतून रिकामी करण्याच्या कामाला लागते. मग स्कॅनमध्ये फाइलचे नाव दिसते, आकार दिसतो, ठिपकाही हिरवा असू शकतो, पण परत घेतलेल्या फाइलमध्ये नुसती शून्ये भरलेली असतात. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलत बसू नये. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हचा कचऱ्याचा फोल्डर आधी पाहावा. वैयक्तिक खात्यात दोन्हींकडे फाइल तिथे ३० दिवस राहते. पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर मात्र रेकुव्हा आणि फोटोरेक दोन्ही उत्तम चालतात, फक्त फॅट या, एनटीएफएसहून जुन्या, रचनेच्या पेनड्राइव्हवर इंग्रजीतल्या छोट्या नावांचे पहिले अक्षर गेलेले दिसते, कारण त्या रचनेत डिलीटची खूण त्या अक्षराच्याच जागी लिहिली जाते.

आणि डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर असा आवाज येत असेल, किंवा ती मध्येच दिसेनाशी होत असेल, तर यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर तिच्यावर चालवू नये. अशा डिस्कवर प्रत्येक स्कॅनबरोबर आतले नुकसान वाढत जाते. तिची वीज काढावी आणि धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी प्रयोगशाळेकडेच ती न्यावी.