निगेटिव्ह स्कॅनर: आठ महिन्यांचा अनुभव आणि एक जुना सागरी प्रवास

बाबा मलेशियात पेनांगला नोकरीला असताना, १९९६च्या डिसेंबरात, त्यांच्या एका सहकाऱ्याच्या शिडाच्या यॉटवरून आम्ही चौघे तिथल्याच लंकावी बेटावरून थायलंडमधल्या फुकेतला गेलो होतो. त्या प्रवासाच्या निगेटिव्ह कोल्हापुरातल्या आमच्या घरी लोखंडी कपाटात पडून राहिल्या आणि दर पावसाळ्यागणिक त्यांवर बुरशीचे ठिपके वाढत गेले. शेवटी गेल्या जूनमध्ये फिल्म ठेवण्याची चौकट असलेला फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. आतापर्यंत चौदापैकी बारा रोल झाले आहेत.

मूळ कामात यंत्र चोख आहे. २४०० डीपीआयवर (दर इंचाला २४०० ठिपके) ३५ मिमीच्या एका चौकटीतून सुमारे ७७ लाख पिक्सेल मिळतात आणि घरगुती छपाईला तेवढे पुरतात. ४८०० वर फाइल चौपट फुगली, पण माझ्या फिल्ममधून जास्तीचे दिसले ते फक्त दाणे. पट्टी उलटी बसली तर चित्र आरशातल्यासारखे येते. पहिल्या आठवड्यात यॉटचे नाव उलट्या अक्षरांत उमटले, तेव्हा कुठे हे माझ्या लक्षात आले.

खरी तक्रार आपोआप धूळ पुसण्याच्या सोयीबद्दल आहे. माझ्या यंत्रात त्यासाठी इन्फ्रारेड किरण नाहीत, सॉफ्टवेअर नुसत्या अंदाजाने ठिपके आणि रेघा पुसते. बुरशीबरोबर त्याने डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा जागोजागी तोडल्या आणि आकाशातले पक्षीही नाहीसे केले. रंग आपोआप सुधारण्याच्या सोयीने तर त्याहून वाईट केले. परदेशी बंदरात शिरताना यॉटवर पिवळे निशाण चढवतात आणि कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत कप्तानाखेरीज कोणीही किनाऱ्यावर उतरायचे नसते. फुकेतला वाळू समोर दिसत असताना ताई आणि मी त्या निशाणाकडे बघत ताटकळलो होतो, आणि स्कॅनमध्ये ते पांढरेफटक आले. दोन्ही सोयी बंद करून पुन्हा स्कॅन केले, तेव्हा पिवळा रंग परतला. बुरशी आता मी हातानेच पुसतो. एका फोटोला कधी कधी अर्धा तास लागतो.

एका फोटोत मात्र मीच चुकलो. केबिन सरळ, पण शेगडी आणि तिच्यावरचे पिठल्याचे पातेले तिरके दिसते, म्हणून चित्र फिरवायला बसलो होतो. आईने मागून पाहिले आणि म्हणाली, “शेगडी सरळच होती रे, तिरके आपण होतो.” यॉटची शेगडी दोन बाजूंच्या खिळींवर झुलती टांगलेली असते. वाऱ्याने नौका कलली तरी पातेले सपाट राहते, आणि बाबांनी कॅमेरा नौकेबरोबर कललेलाच धरला होता. फोटो तसाच ठेवला.

चार-दोन रोलच असतील तर हे यंत्र घेऊ नये, स्टुडिओत देणे स्वस्त पडेल. शेकडो निगेटिव्ह आणि मोकळ्या संध्याकाळी हाताशी असतील, तर जरूर घ्यावे. पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. आम्ही ते फार उशिरा केले. उरलेल्या दोन रोलांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आहेत आणि त्या ओढून सोडवण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.