क्वचित लिहिणाऱ्यांसाठी फीड रीडर: पावसाळ्यापासूनच्या वापराचा अनुभव

अँड्रॉइडवरचं 'फीडर' हे अ‍ॅप मी गेल्या पावसाळ्यापासून रोज वापरतेय. मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, शिवाय मुक्तस्रोत आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. वर्षातून चार-पाचदाच लिहिणाऱ्या माणसांचं लिखाण ज्यांना चुकवायचं नाही, त्यांनी हे आजच घ्यावं. दिवसभर ताज्या बातम्या हव्या असतील तर मात्र याने फार काही साधणार नाही.

नव्यांसाठी थोडक्यात: बहुतेक ब्लॉग आणि बातम्यांच्या साइट्स आपल्या नव्या लेखांची यादी एका वेगळ्या पत्त्यावर ठेवतात. त्यात शीर्षक, तारीख, दुवा आणि मजकूर असतो. हीच फीड. आरएसएस हा तिचा साचा १९९९ मध्ये नेटस्केपने आणला आणि अ‍ॅटम हा दुसरा साचा २००५ मध्ये प्रमाणित झाला. रीडरला दोन्ही चालतात, आपण त्यात डोकं घालायची गरज नाही. रीडर ठरावीक वेळाने त्या पत्त्यावर डोकावतो आणि नवीन काही असेल तर घेऊन येतो. पॉडकास्टचे नवे भाग आपल्या अ‍ॅपमध्ये येतात तेही याच आरएसएसमुळे.

फीड जोडणं सोपं आहे. ब्लॉगचा साधा पत्ता चिकटवला की अ‍ॅप फीड शोधून दाखवतं. वर्डप्रेसच्या ब्लॉगवर बऱ्याचदा दोन दिसतात, एक लेखांची आणि एक प्रतिक्रियांची. लेखांचीच घ्या. काहीच सापडलं नाही तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन 'फीड' जोडा. ब्लॉगस्पॉटसाठी 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डीफॉल्ट' हे तीन शब्द मध्ये स्लॅश देत जोडायचे, अर्थातच इंग्रजी अक्षरांत. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असते, तिच्यात शेवटचे १५ व्हिडिओ येतात. शिफारशींच्या जंजाळात न शिरता आपल्याला हवा तो गायक किंवा शिक्षक तेवढा पाहता येतो. आणि हे फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण मराठी विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाच्या इतिहासाच्या पानालाही फीड असते. मी ज्या दोन-तीन लेखांत भर घालते, त्यांत कुणी काय बदललं ते मला घरबसल्या कळतं.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीला मी दोन मोठ्या दैनिकांच्या फीड्सही जोडून पाहिल्या. फीडरमध्ये सगळ्यात ताजं ते सगळ्यात वर येतं. दैनिकं दिवसाला शेकड्यांनी बातम्या टाकतात, एकच बातमी शीर्षक बदलून पुन्हा येते, आणि त्या लोंढ्यात बाकीचे लेख तासाभरात तळाला जातात. नको ते शब्द गाळायची सोय अ‍ॅपमध्ये आहे, मी तीही वापरली, पण लोंढा काही आटेना. शेवटी दोन्ही फीड्स काढून टाकल्या आणि त्या दिवसापासून हे अ‍ॅप खऱ्या अर्थाने माझ्या कामाचं झालं.

उरले ते आपल्या सवडीने लिहिणारे लोक. सह्याद्रीतल्या झाडाझुडपांवर लिहिणारा एक ब्लॉग मी वाचते. तो महिनोन् महिने गप्प असतो. भाद्रपदात एका सकाळी त्यावर कारवीच्या फुलोऱ्यावरचा लेख आला: कुठल्या उतारावर फूल लागलंय, कळ्या किती, मधमाश्यांची पोळी कुठे दिसली. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते, म्हणजे हा लेख महिनाभर उशिरा सापडला असता तर वाचून नुसती हळहळ वाटली असती. मी त्याच रविवारी जाऊन डोंगर पाहून आले. तो लेख इतर कुठेही माझ्यासमोर आला नसता. ज्याला लाइक नाहीत, ज्याचा लेखक रोज हजेरी लावत नाही, ते लिखाण कुठलंही अल्गोरिदम वर आणत नाही. फीड रीडरला मात्र रोज लिहिणारा आणि वर्षातून एकदा लिहिणारा सारखेच.

अशा ब्लॉगांना मी 'क्वचित' असा टॅग दिला आहे आणि सूचना फक्त त्यांच्यासाठी चालू ठेवल्या आहेत. बाकी सगळं मूक. प्रत्येक फीडची सूचना वेगळी चालू-बंद करता येते, ही या अ‍ॅपमधली मला सर्वात आवडलेली गोष्ट.

प्रवासातही उपयोग होतो. फक्त वायफायवर फीड्स ताज्या करायची सेटिंग आहे. सकाळी घरीच लेख उतरतात, मग पुण्या-मुंबईच्या गाडीत घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क गेलं तरी वाचन अडत नाही. काही कंपन्यांचे फोन मात्र बॅटरी वाचवायला अ‍ॅप पार्श्वभूमीत चालूच देत नाहीत आणि दोन-दोन दिवस नवीन काही येत नाही. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये फीडरवरचं बंधन काढलं की हे थांबतं.

फीड्सची यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून ठेवा. मी दर महिन्याला काढते. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ज्यांच्याकडे अशी फाइल होती ते दुसरीकडे सुखरूप गेले. हीच फाइल आयफोनवरच्या नेटन्यूजवायरमध्ये किंवा संगणकावरच्या थंडरबर्डमध्येही चालते.

खरी अडचण अ‍ॅपच्या बाहेरची आहे. मराठीतलं कितीतरी उत्तम लिखाण आज फक्त फेसबुकवर होतं आणि तिथे फीड मिळत नाही. तिथे लिहिणाऱ्यांना मनापासून विनंती, तोच मजकूर एखाद्या मोफत ब्लॉगवरही टाकत जा. आणि ज्यांचा ब्लॉग आहे त्यांनी फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यावा. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या 'रीडिंग' भागात सारांश की पूर्ण मजकूर असा पर्याय असतो, ब्लॉगस्पॉटमध्येही साइट फीडच्या सेटिंगमध्ये तो सापडेल.