वजन तोडायचं, हळूहळू उतरवायचं की वरच्या गटात खेळायचं?

वीस वर्षांचा पैलवान, रोजचं वजन 63 किलो. फ्रीस्टाइल कुस्तीत त्याच्यासमोर तीन गट: 57, 61 आणि 65. वस्ताद म्हणतात 57, कारण 61 किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नाही. आई म्हणते 65, कारण पोराचं सुकलेलं तोंड तिला बघवत नाही. पोरगं मधल्यामध्ये.

तालमीत असा निर्णय बहुधा ‘किती किलो तोडावे लागतील’ यावर होतो. मी आधी दुसरं विचारेन: काट्यावरून उतरल्यापासून पहिल्या लढतीपर्यंत किती तास मिळतात? निम्मा निर्णय तिथेच होतो.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. ज्युदोतही आदल्या दिवशी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काही खेळाडूंना अचानक पुन्हा काट्यावर उभं करतात आणि गटाच्या मर्यादेपेक्षा 5 टक्क्यांहून जास्त वजन भरलं की बाहेर. वेटलिफ्टिंगमध्ये वजन स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं. पॉवरलिफ्टिंगमध्ये संघटना बघून ठरतं: कुठे दोन तास, कुठे अख्खा दिवस. कुस्तीत 2018 पासून वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेत पदकाची लढत दुसऱ्या दिवशी असेल, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा काटा.

पहिली वाट पाणी तोडण्याची, म्हणजे घाम गाळून आणि पाणी न पिता काट्यापुरतं वजन उतरवण्याची. तिचा सगळा हिशेब ‘तोडलेलं परत भरता येतं’ यावर उभा असतो. चोवीस तास हाती असतील तर पाणी, मीठ, भात यांनी बरंचसं भरून निघतं, सगळं नाही. दोन तासांत काय भरणार? पोट आणि आतडी तासाला साधारण लिटरभर पाणी जेमतेम आत घेतात, आणि स्नायूंमधला रिकामा झालेला साखरेचा साठा भरायला जवळजवळ दिवस लागतो. घाम गाळून तीन किलो उतरवलेला पैलवान काट्यावर हलका दिसतो. गादीवर मात्र त्याचं रक्तातलं पाणी कमी, ठोके वाढलेले आणि दुसऱ्या तीन मिनिटांत पाय जड. पहिल्या फेरीत 4-0 ने पुढे असलेला गडी दुसऱ्या फेरीत नुसता अंगावर रेलू लागला, की सकाळी काय झालं असेल ते जाणकार प्रेक्षक ओळखतात.

पॅरिस 2024 मध्ये हे सगळ्या देशाने पाहिलं. विनेश फोगाट 53 किलोत खेळायची. तिथली ऑलिंपिकची जागा अंतिम पंघाल या मल्लाने मिळवली, म्हणून ती 50 मध्ये उतरली. खालच्या गटात जाण्याचं कारण दरवेळी काटा नसतो, पुष्कळदा वरच्या गटात बसलेला माणूस असतो. 6 ऑगस्टला सकाळी ती वजनात बसली. तीन लढती लढायच्या तर खाणं-पिणं आलंच. संध्याकाळी वजन सुमारे 2.7 किलो जास्त भरलं. रात्रभर घाम गाळला, केस कापले, आणि दुसऱ्या सकाळी वजनासाठी मिळणाऱ्या 15 मिनिटांत काटा पन्नासच्या वर 100 ग्रॅमवर अडला. अंतिम फेरी गेलीच, शिवाय नियमाप्रमाणे शेवटचा क्रमांक.

त्याच स्पर्धेत अमन सेहरावत उपांत्य लढतीनंतर 61.5 किलो होता. सुमारे दहा तासांत त्याने 4.6 किलो उतरवले, 57 च्या आत आला आणि कांस्य जिंकलं. ही गोष्ट तालमीतालमीत कौतुकाने सांगतात. सांगा, पण 2025 ची झाग्रेबची जागतिक स्पर्धाही जोडून सांगा: तोच अमन, तोच गट, वजन 1.7 किलो जास्त, एकही लढत न खेळता बाहेर. पॅरिसमध्ये त्याला हरवून पुढे सुवर्ण जिंकणारा जपानचा रेई हिगुची 2021 च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत 50 ग्रॅमने बाद झाला होता. म्हणजे हे जमवणारे जगातले सर्वोत्तम मल्ल, दिमतीला डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सौना. तरी कधी साधतं, कधी फसतं. जिल्हा निवड चाचणीला एसटीने पहाटे पोहोचणाऱ्याने यातून काय घ्यायचं ते बघावं.

आता दुसरी वाट. 63 वरून 61 म्हणजे दोन किलो. आठवड्याला अर्धा किलो धरला तर महिन्याभराचं काम, आणि त्यात ताकद फारशी जात नाही. बहुतेक पैलवानांच्या खुराकातच जागा असते: तूप, बदामाची थंडाई, रात्रीचं उशिराचं जेवण. अंडी, दूध, चिकन-मटण, डाळ यांना हात लावू नका. तुपाची धार निम्मी करा. शेवटच्या दोन दिवसांत ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी थांबवून मऊ भात, दही, अंडी एवढ्यावर आलं, की आतड्यातला चोथा कमी होऊन पाण्याचा एक घोटही न तोडता काही शे ग्रॅम उतरतात. या वाटेला पराक्रमाच्या गोष्टी नाहीत, म्हणून ती कुणी सांगत नाही. फक्त ती स्पर्धेच्या आठवड्यात सुरू करता येत नाही.

तिसरी वाट वरच्या गटाची. ‘वर गेलं की मार खाल्ला’ असं म्हणणाऱ्यांना खाशाबा जाधवांची आठवण द्यावी. 1948 ला लंडनमध्ये ते फ्लायवेटमध्ये, म्हणजे 52 किलोत, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत वरच्या 57 किलो गटात कांस्य. बीडच्या राहुल आवारेचंही तसंच: 2018 च्या राष्ट्रकुलमध्ये 57 किलोत सुवर्ण, 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 मध्ये कांस्य. पण ही वाटही फुकट नाही. 65 मध्ये समोर येणारा एरवी 68-69 किलोचा असतो आणि त्याच्या पकडीत ते जाणवतं. खाशाबांच्या दोन ऑलिंपिकमध्ये चार वर्षं होती. आज 63 आणि पुढच्या महिन्यात 65 मध्ये लढत, हे गट बदलणं नव्हे. कोऱ्या अंगाने मोठ्यांत शिरणं आहे. वर्षभर बैठका, दोर, वजनं आणि पोटभर जेवण, मग बोलू.

ताकदीच्या खेळांचं थोडक्यात. एका उचलीवर घामाचा परिणाम सहा मिनिटांच्या कुस्तीपेक्षा कमी होतो, म्हणून शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी घालवूनही लिफ्टर निभावून नेतात. पॉवरलिफ्टिंगमध्ये एकूण वजन सारखं उचललं तर हलका जिंकतो, हेही आमिष असतं. पहिल्या-दुसऱ्या स्पर्धेत मात्र आहे त्या वजनाने उतरा. उचली चुकण्याची कारणं तशीही पुष्कळ असतात.

काही गोष्टी तुलनेतच धरायच्या नाहीत. लघवी वाढवून पाणी काढणाऱ्या गोळ्या खेळातल्या बंदी घातलेल्या औषधांच्या यादीत आहेत; सापडलात तर बंदी, न सापडलात तर मूत्रपिंड आणि हृदयाशी खेळ. प्लॅस्टिकचा सूट घालून उष्ण खोलीत व्यायाम करताना 1997 च्या शेवटी अमेरिकेत काही आठवड्यांत तीन कॉलेज मल्ल गेले. त्यानंतर तिथे असे सूट आणि सौना बंद झाले आणि शरीरातल्या पाण्याची तपासणी सक्तीची झाली. अठराच्या आतल्या पोरांचं पाणी तोडूच नये. त्यांची हाडं वाढत असतात, आणि गट दरवर्षी बदलणारच असतो.

मग आपल्या 63 किलोवाल्याने काय करावं? 57 साठी त्याला शरीराचा जवळजवळ दहावा हिस्सा उतरवावा लागेल, तोही त्याच दिवशी लढायचं असताना. मी नाही म्हणेन, वस्ताद रागावले तरी. ऑलिंपिकचं स्वप्न असेल तर 65 ची तयारी आजपासून धरावी आणि या हंगामात 61 खेळावं. जत्रेच्या फडात तर काटाच नसतो. जोड नजरेने लावतात, तिथे हे दोन किलो हिशेबातही येत नाहीत. आणि अर्ज भरण्याआधी स्पर्धेचं पत्रक नीट वाचावं. काही स्पर्धांत गटाच्या मर्यादेवर 2 किलोची सवलत असते. तशी असली, तर 63 चा पैलवान काहीही न तोडता, सकाळची न्याहारी थोडी पुढे ढकलून, 61 मध्ये उभा राहतो.