गोखले की आंबेडकर : सरकारी कर्ज आणि उत्तरदायित्व समजून घेण्यासाठी कोणाची भाषणे आधी वाचावीत?

सरकारी कर्ज आणि सरकारचे उत्तरदायित्व या विषयांवर विधिमंडळात झालेल्या चर्चांचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी वाचकासमोर दोन नावे हमखास येतात. एक गोपाळ कृष्ण गोखले आणि दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोघांचाही अर्थशास्त्राशी जवळचा संबंध होता आणि दोघांनीही सभागृहात आकड्यांच्या आधारे सरकारला अडचणीत आणले. मात्र अर्थसंकल्पाचे वार्तांकन करणारा नवा पत्रकार, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी किंवा एखाद्या आमदाराचा अभ्यास सहायक यांच्याकडे दोघांचे सगळे वाचण्याइतका वेळ नसतो. सुरुवात कोठून करायची, हे ठरवताना उपयोगी पडावी एवढ्यासाठी ही तुलना.

गोखल्यांचे 26 मार्च 1902 चे भाषण हे केंद्रीय कायदेमंडळातील त्यांचे पहिलेच अर्थसंकल्पीय भाषण. त्याची आकडेवारी जुळवण्यात सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा हात होता. त्या वर्षी सरकारने भरघोस शिल्लक दाखवली होती आणि ती देशाच्या सुबत्तेची खूण असल्याचे सरकारपक्षाचे म्हणणे होते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी होरपळलेल्या देशात ही शिल्लक आली कोठून, याचा गोखल्यांनी माग काढला. टांकसाळीत चांदी देऊन कोणालाही रुपये पाडून घेता येत, ती सोय 1893 मध्ये बंद झाली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत रुपयाचा भाव साधारण 13 पेन्सांवरून 16 पेन्सांपर्यंत चढला. ‘होम चार्जेस’च्या, म्हणजे भारत सरकारला इंग्लंडमध्ये दरवर्षी पौंडांत कराव्या लागणाऱ्या खर्चाच्या, दहा लाख पौंडांसाठी पूर्वी सुमारे 1 कोटी 85 लाख रुपये मोजावे लागत, तेथे आता दीड कोटी पुरू लागले. रुपया घसरत असताना वाढवलेले कर मात्र तसेच राहिले. मिठावरचा मणामागे अडीच रुपयांचा करही त्यातलाच होता. म्हणजे ही शिल्लक चलनाच्या भावातून आणि न उतरवलेल्या करांतून निर्माण झाली होती, रयतेच्या समृद्धीशी तिचा संबंध नव्हता. असे पैसे गरजेपेक्षा जास्त घेणे हा एक अन्याय आणि त्यावरून देश सुखात असल्याचा समज पसरणे हा दुसरा, असा गोखल्यांचा आरोप होता. अर्थसंकल्पातील एकच बेरीज घेऊन तिचे मूळ शोधत जाण्याचा याहून चांगला धडा मला तरी दुसरीकडे आढळलेला नाही.

कर्जाबाबत गोखल्यांची भूमिका पहिल्यांदा वाचणाऱ्याला चकित करते. काटकसरीचा पुरस्कर्ता म्हणून कर्ज फेडण्याला ते प्राधान्य देतील असे वाटते, परंतु त्यांनी नेमका उलटा आग्रह धरला. सरकार महसुली शिल्लक रेल्वेबांधणीत घालत असे आणि तेवढ्या प्रमाणात अनुत्पादक कर्ज (ज्यातून उत्पन्न देणारी मालमत्ता उभी राहत नाही असे कर्ज) कमी झाल्याचे हिशेबात दाखवत असे. गोखल्यांचे म्हणणे असे होते की, भारताचे अनुत्पादक कर्ज मुळातच फारसे मोठे नाही. रेल्वे स्वतःचा खर्च भरून काढू शकणारी मालमत्ता आहे, तेव्हा ती कर्जातून उभी राहावी, आणि करदात्याच्या खिशातून आलेली शिल्लक प्राथमिक शिक्षण व आरोग्य यांवर खर्च व्हावी. कोणत्या कामासाठी कर्ज काढणे योग्य आणि कोणत्या कामासाठी नाही, हा आजही अर्थसंकल्पीय चर्चेत गोंधळात टाकणारा प्रश्न येथे अगदी स्वच्छ मांडलेला सापडतो.

गोखल्यांची मर्यादा त्यांच्या सभागृहाची होती. 1892 च्या कायद्यानुसार सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मतदान मागता येत नसे. 1909 च्या सुधारणांनंतर ठराव मांडता येऊ लागले, तरी केंद्रीय कायदेमंडळात सरकारी बहुमत कायम होते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. मिठावरचा कर 1903 मध्ये दोन रुपयांवर आणि 1907 पर्यंत एक रुपयावर आला, तसेच 1903 मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा 500 वरून 1,000 रुपयांवर गेली. या बदलांचे सगळे श्रेय त्यांना देणे धाडसाचे होईल, पण त्यांनी हे विषय सरकारच्या नजरेआड होऊ दिले नाहीत, एवढे निश्चित म्हणता येते.

आंबेडकरांचे फेब्रुवारी 1927 चे मुंबई विधिमंडळातील अर्थसंकल्पीय भाषण गोखल्यांच्या परंपरेशी जवळचे आहे. पीक येवो वा बुडो, जमीन थोडी असो वा फार, शेतसारा चुकत नाही. प्राप्तिकर मात्र उत्पन्न झाले तरच द्यावा लागतो, हा विरोधाभास त्यांनी त्यात मांडला. भाषण वाचनीय आहे, पण आंबेडकरांकडे वळण्याचे खरे कारण ते नव्हे.

ते कारण 10 ऑगस्ट 1949 च्या संविधान सभेतील चर्चेत आहे. केंद्र सरकारच्या कर्ज काढण्याच्या अधिकारासंबंधीचा मसुद्यातील अनुच्छेद 268, म्हणजे आजचा अनुच्छेद 292, त्या दिवशी चर्चेला होता. कर्जाची मर्यादा संसद कायद्याने ‘वेळोवेळी’ ठरवील अशी त्याची रचना असून, संसदेने ती ठरवलीच पाहिजे असे बंधन त्यात नाही. आंबेडकरांनी स्पष्ट केले की, या तरतुदीखाली सरकारने वर्षभरात किती कर्ज काढावे हे ठरवणारा वार्षिक कर्ज कायदासुद्धा संसद करू शकेल, आणि संसदेने काहीच कायदा केला नाही तर तो दोष संसदेचा असेल. एखादी भावी संसद या विषयाकडे गंभीरपणे लक्ष देणार नाही, अशी कल्पना करणे त्यांना कठीण वाटत होते. प्रत्यक्षात राजकोषीय उत्तरदायित्वाचा केंद्रीय कायदा व्हायला 2003 साल उजाडले, महाराष्ट्राचा 2005 मध्ये झाला आणि वार्षिक कर्ज कायदा आजतागायत झालेला नाही. आंबेडकरांचा हा विश्वास मला त्यांच्या एरवीच्या सावध वृत्तीशी विसंगत वाटतो.

त्याच वर्षी 30 मे रोजी त्यांनी सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षक यांच्या पदाविषयी केलेले विवेचन अधिक टोकदार आहे. हे संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद असून त्याची कर्तव्ये न्यायव्यवस्थेच्या कर्तव्यांहूनही महत्त्वाची आहेत, असे ते म्हणाले. तरीही कर्मचारी नेमण्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला जे स्वातंत्र्य मिळाले ते या पदाला मिळाले नाही, याबद्दल त्यांनी मसुदा समितीचे अध्यक्ष असूनही सभागृहात उघड नापसंती नोंदवली. स्वतःच पुढे नेत असलेल्या मसुद्यावर टीका करण्याचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

निवड करताना तुमचे काम काय आहे, ते आधी पाहावे. अर्थसंकल्पाची पुस्तके उघडून त्यांतील शिल्लक किंवा तूट खरी कशी तपासायची, हे शिकायचे असेल तर गोखले. महामंडळांच्या कर्जांना दिलेल्या हमी किंवा राज्यांची कर्जमर्यादा यांवर लिहायचे असेल तर आंबेडकर, कारण त्या वादांचा पाया अनुच्छेद 292 आणि राज्यांच्या कर्जाविषयीचा अनुच्छेद 293 यांमध्येच आहे. केरळने कर्जमर्यादेवरून केंद्राविरुद्ध केलेला आणि 2024 मध्ये घटनापीठाकडे गेलेला दावा यांतील अनुच्छेद 293 च्या अर्थाशी निगडित आहे. एका विशिष्ट व्यवहारावरून मंत्र्याला जाब कसा विचारावा, एवढेच पाहायचे असेल, तर या दोघांना बाजूला ठेवून आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याच्या प्रकरणावरील फिरोज गांधींचे डिसेंबर 1957 चे लोकसभेतील भाषण घ्यावे. त्यानंतर छागला चौकशी आयोग बसला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना 1958 मध्ये पद सोडावे लागले.

माझा कल विचाराल तर गोखले आधी. आंबेडकरांच्या 1949 च्या वक्तव्यांत सभागृहाला अधिकार देण्याचा विचार आहे, परंतु त्या अधिकाराचा वापर करायला लागणारी आकड्यांची समज 1902 च्या भाषणातून अधिक लवकर येते. दोघांचीही भाषणे मूळ इंग्रजीत आहेत. आंबेडकरांची मुंबई विधिमंडळातील भाषणे महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात आणि संविधान सभेतील तेराव्या खंडात मिळतात. त्या जाडजूड खंडातून ठरावीक दिवस शोधत बसण्यापेक्षा संविधान सभेच्या कामकाजाच्या वृत्तान्तात वर दिलेल्या दोन तारखा थेट काढणे सोयीचे पडते, शिवाय आंबेडकर ज्यांना उत्तर देत होते त्या सदस्यांचे म्हणणेही तेथे पूर्ण वाचता येते.