कार्व्हर, नारळीकर, चितमपल्ली की दुर्गाबाई?

‘कादंबरी नको, काहीतरी खरं सांगा, पण शाळेच्या पुस्तकासारखंही नको.’ असं म्हणणाऱ्याच्या हातात मराठीत बहुधा चारपैकी एक पुस्तक पडतं. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’, जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’, मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ किंवा दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. ‘कुठलंही घ्या, छानच आहे’ हे उत्तर खरं असलं तरी त्याचा उपयोग शून्य. ठाण्यातल्या वन बीएचकेत पुस्तकांना एखादा कप्पा मिळतो, आणि ठाणे–वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं तर जेमतेम अर्धा तास. तेव्हा कोणतं विकत घ्यायचं, कोणतं वाचनालयातून आणायचं आणि कोणतं कुणाला द्यायचं, एवढंच बघू.

एक आधीच सांगते. विज्ञान, निसर्ग, चरित्र अशा पाट्या बघून निवडायला गेलात तर फसाल. नारळीकरांच्या पुस्तकात विज्ञान शोधणाऱ्याला माणसं जास्त भेटतात, आणि ‘प्रेरणादायी चरित्र’ म्हणून बक्षीस समारंभात वाटल्या जाणाऱ्या कार्व्हरमध्ये रोजच्या कामाचं विज्ञान सगळ्यात जास्त आहे.

अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरची गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. 1864 च्या आसपास अमेरिकेतल्या मिसुरीत गुलामाच्या पोटी जन्मलेलं पोर, आईपासून तुटलेलं, शिकण्यासाठी गावोगाव धुणीभांडी करत फिरणारं. पुस्तक 1981 चं, लहानसं, वाक्यं सुटसुटीत. इंग्रजी माध्यमातल्या, मराठी अडखळत वाचणाऱ्या मुलालाही झेपतं. पण मला त्यातला टस्कीगीचा, म्हणजे अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचा, भाग महत्त्वाचा वाटतो. 1896 मध्ये कार्व्हर तिथे आला तेव्हा प्रयोगशाळाच नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या, तारा, डबे गोळा करून विद्यार्थ्यांसोबत त्याने ती उभी केली. आणि भोवतालची जमीन? वर्षानुवर्षं कापूस घेऊन चोथा झालेली. त्याने शेतकऱ्यांना भुईमूग, चवळी लावायला सांगितलं, कारण शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि जमीन सुधारते.

हे दूरचं वाटत असेल तर हिवाळ्यात पनवेलच्या पुढे जाऊन बघा. भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला असतो. पोपटीच्या मडक्यात भाजायला जाणाऱ्या त्याच शेंगा. वालाचं एखादं रोप अलगद उपटून मुळं पाण्यात हलवली तर बारीक गाठी दिसतात. मोठी गाठ नखाने फोडली की आत गुलाबीसर रंग दिसला, तर ती कामावर आहे असं समजायचं. भातामागे वाल हा क्रम आपल्याकडे कुणी टस्कीगीहून आणलेला नाही, पण त्यामागचं कारण मुलाला समजावायला कार्व्हरइतकं सोपं पुस्तक मला माहीत नाही.

एक तक्रार मात्र आहे. पुस्तकात कार्व्हर संतच होऊन बसतो. शेंगदाण्यापासून तीनशे पदार्थ या ख्यातीची इतिहासकारांनी नंतर बरीच झाडाझडती घेतली. त्या यादीत साध्या पाककृतीही होत्या, पेटंटं त्याच्या नावावर तीनच, आणि पीनट बटर त्याच्या आधीपासूनच होतं. मुलाला पुस्तक देताना एवढं सांगून टाका. मातीचं काम खरं आहे, आणि तेवढं पुरे आहे. विकत घ्यायचं का? भेट द्यायची असेल तर जरूर. स्वतःसाठी नको, दोन रात्रींत संपतं, आणि आधी सोसायटीत विचारा, कुणाकडे तरी असतंच.

नारळीकरांचं आत्मचरित्र याच्या अगदी उलट प्रकृतीचं. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे ही ती चार नगरं. स्वर संयत, कुठे आवाज चढत नाही, स्वतःवर खूश होणं नाही. 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला. कुणी घ्यावं? ज्याच्या घरी गणितात रमणारं, क्लासच्या टेस्ट सिरीजने पिचलेलं अकरावी-बारावीचं मूल आहे, त्याने. गणित शिकणं म्हणजे रँक आणणं याच्या पलीकडे काय असतं, ते बनारस आणि केंब्रिजच्या भागांत दिसतं.

एक पार्श्वभूमी ठाऊक असेल तर पुस्तक जास्त रंगतं. नारळीकर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे विद्यार्थी, आणि हॉयल विश्वाच्या ‘स्थिर स्थिती’ सिद्धांताचे, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही, ते कायम असंच आहे या मताचे, खंदे पुरस्कर्ते. 1965 मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचा, म्हणजे महास्फोटाची खूण मानल्या जाणाऱ्या, सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद लहरींचा, शोध जाहीर झाला आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञ विश्व महास्फोटातून सुरू झालं असं मानणाऱ्यांच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. जवळजवळ सगळं क्षेत्र एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला उभं राहून, कडवटपणा न येऊ देता आयुष्यभर काम कसं करायचं, हे बघायचं असेल तर हे पुस्तक. पुण्याचा भाग मला थोडा जड गेला. संस्था उभारणीत ज्याला रस नाही त्याने तो चाळावा. नवी मुंबईकरांसाठी त्यात एक गंमत आहे: नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची वास्तू रचणारे चार्ल्स कोरिया म्हणजे नवी मुंबईच्या आखणीत ज्यांचा हात होता आणि सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजची घरं ज्यांची, तेच. हे पुस्तक वाचनालयातून आणा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून त्याच कामासाठी आहे. आणि मुळात तारे, दीर्घिका, कृष्णविवरं समजून घ्यायची असतील तर हे नकोच; त्यांचंच ‘आकाशाशी जडले नाते’ घ्या.

‘चकवाचांदण’ लोकलमध्ये वाचायचं पुस्तक नाही. एका हातात हँडल धरून दुसऱ्या हातात ते पेलणार नाही, इतकं जाड. हेही आत्मचरित्रच: सोलापूरचं बालपण, आई आणि मामाकडून मिळालेलं रानाचं पहिलं शिक्षण, मग वनखात्यातली 36 वर्षं. नारळीकर आणि चितमपल्ली दोघेही 2025 मध्ये महिन्याभराच्या अंतराने गेले. दोन्ही आत्मचरित्रं शेजारी ठेवली तर फरक लगेच कळतो. नारळीकर प्रश्नामागे जातात, चितमपल्ली नावामागे. पक्ष्याला पारधी काय म्हणतो, गोंड काय म्हणतो, संस्कृतात काय म्हटलंय, हे त्यांना त्या पक्ष्याच्या सवयीइतकंच महत्त्वाचं. पुढे ‘पक्षिकोश’ करणारा माणूस घडतो कसा, ते इथे दिसतं.

बदल्या, वरिष्ठ, सरकारी बंगले यांचा पसारा आहे, आणि संपादकाची कात्री अजून चालली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. पण ज्या रानांशी त्यांचं नाव जोडलं गेलं त्यांत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट यांच्या जोडीला आपलं कर्नाळाही आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या-उजव्या हाताला लागतं तेच अभयारण्य, जिथे आपण सुळका बघून, चहा पिऊन परत येतो. वाचनालयाच्या मुदतीत हे पुस्तक संपत नाही, घाई केली तर हाती काही लागत नाही. म्हणून हे विकत घ्या, उशाशी ठेवा आणि मिळेल तिथून उघडा. पक्षी बघायची नुकती सुरुवात केलेल्या, ऐरोलीच्या खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघून आलेल्या माणसाला याहून चांगली भेट नाही.

राहिलं ‘ऋतुचक्र’. 1956 चं, चौघांत सगळ्यात जुनं. गोष्ट नाही, नायक नाही. चैत्र ते फाल्गुन, महिन्याला एक लेख. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक, त्यामुळे एका झाडापाशी थांबल्या की कालिदासही येतो आणि बाईबापड्यांचं गाणंही. भाषा दाट आहे, संस्कृतकडे झुकलेली. सलग बसून वाचलं तर तिसऱ्या महिन्यात दम लागतो. फूल का फुलतं, पान का गळतं, याचं वनस्पतिशास्त्रीय उत्तर हवं असेल तर इथे थांबू नका. दहावीच्या मुलाला तर हे देऊच नका, तो मराठीलाच घाबरेल.

तरीही चौघांतलं एकच विकत घ्यायचं झालं, तर मी हेच घेईन. कारण हे बाहेर जाऊन पडताळता येतं. येऊरच्या उतारावरची निष्पर्ण काटेसावर, पळस, मग पांगारा, उन्हं तापली की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांतला बहावा आणि ताम्हण. ज्या झाडांखाली आपण रिक्षाची वाट बघतो ती झाडं कुठल्या महिन्यात काय करतात, हे आपण कधी बघितलेलंच नसतं. दुर्गाबाईंना रंगाची नजर आहे. कोवळ्या पानाचा रंग हिरवा नसतो, तांबूस, पिंगट, कधी जांभळट असतो, हे एकदा त्यांच्याबरोबर बघायची सवय लागली की पिंपळाखालून नुसतं जाता येत नाही.

चैत्राची वाट बघत बसू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयात जो महिना चालू असेल, त्याच महिन्याचा लेख आधी काढा, वाचा आणि पुढचा महिना लागेपर्यंत पुस्तक बंद ठेवा. तोवर लोकलसाठी कार्व्हर आहेच.