निकोटिन गम (२ एमजी) आणि सरकारी क्विटलाइन : बायपोलर असताना सिगरेट सोडली, आठ महिन्यांचा अनुभव

गमला पाचपैकी साडेतीन, क्विटलाइनला (सिगरेट-तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) साडेचार. आकडे आधीच देऊन टाकतो कारण बरेच जण तेवढंच बघायला येतात. पण ज्यांना बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) आहे किंवा ज्यांच्या घरात कुणाला आहे त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण मला जी गोष्ट कळायला दोन फसलेले प्रयत्न आणि जवळजवळ तीन वर्षं लागली ती मी घेतलेल्या गमच्या पाकिटावर कुठेच लिहिलेली नव्हती.

मी कोल्हापूर जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे, वय ४१. २०१४ ला बायपोलर टाइप १ चं निदान झालं, तेव्हापासून मूड स्थिर ठेवायला लिथियम चालू आहे आणि रात्री ओलांझापिनची गोळी. सिगरेट त्याच्याही आधीपासूनची, दिवसाला १४-१५, गळीत हंगामात त्याहून जास्त. मूड खाली असला की उठायला बळ यावं म्हणून ओढायची, वर असला की एकावर एक पेटत जायची, आणि नॉर्मल असताना सवय म्हणून. म्हणजे सोडायला अशी वेळच सापडत नव्हती.

पहिल्यांदा सोडली ती कुणाला न सांगता. डॉक्टरांनाही नाही, वाटलं चांगलंच तर करतोय, त्यात काय सांगायचं. आठ-दहा दिवसांत मला इतकी झोप यायला लागली की सकाळी आई हलवून हलवून उठवायची, जीभ जड, ऑफिसात आकडे डोळ्यापुढे तरंगायचे. घरच्यांना वाटलं डिप्रेशन परत आलं. मलाही तसंच वाटलं, म्हटलं सिगरेट होती तोवर बरं होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात परत टपरीवर. झोप कमी झाली! मग तर खात्रीच पटली की मला सिगरेटची गरज आहे.

खरं कारण दोन वर्षांनी कळलं. सिगरेटच्या धुरातल्या डांबरात जी रसायनं असतात त्यांच्यामुळे लिव्हरमधलं एक एन्झाइम (सीवायपी १ए२ म्हणतात त्याला) जास्त जोरात काम करतं आणि ओलांझापिन शरीरातून लवकर बाहेर जातं. ओढणाऱ्या माणसाचा डोस त्या हिशोबाने बसलेला असतो. सिगरेट बंद केली की साधारण आठवडाभरात ते एन्झाइम थंडावतं आणि तीच गोळी, तेवढाच डोस, पण रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणजे मला डिप्रेशन आलंच नव्हतं, माझी गोळी मला जड झाली होती. क्लोझापिन नावाच्या दुसऱ्या मानसिक आजारावरच्या औषधाचंही असंच होतं, तिथे तर जास्तच जपावं लागतं. आणि हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही, त्यामुळे गम चघळला म्हणून हा फरक टळत नाही. हे वाक्य मला कुणी २०२२ मध्ये सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुसरा प्रयत्न रात्री दोन वाजता ठरला. सिगरेट सोडायची, पहाटे पळायला जायचं, साखर बंद, चहा बंद, सगळं उद्यापासून. ज्यांना हा आजार आहे त्यांना ती रात्र ओळखू येईल. चार दिवस टिकलं आणि त्यानंतर जे झालं त्यात सिगरेट हा फार छोटा विषय होता. त्यावर इथे लिहीत नाही.

तिसऱ्या वेळी मात्र आधी डॉक्टरांकडे गेलो, ताईला बरोबर घेऊन. ते म्हणाले, "सोडाच, पण तारीख आपण ठरवू. मूड निदान दोन-तीन महिने स्थिर पाहिजे, आणि हंगाम सुरू होताना अजिबात नको." म्हणून जून धरला. कारखाना बंद, कामाचा ताण कमी, बाहेर पाऊस, टपरीवर उभं राहायचीही पंचाईत. त्यांनी तारखेआधी रक्तातली लिथियम लेव्हल तपासून घेतली, ओलांझापिन टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं (माझं माझ्या डॉक्टरांनी केलं, तुम्ही स्वतःहून गोळीला हात लावू नका, हात जोडून सांगतो), आणि चहाबद्दल एक गोष्ट सांगितली जी मी कधी ऐकलीच नव्हती. कॅफीनसुद्धा त्याच एन्झाइमने निघून जातं. सिगरेट सुटली की तोच चहा जास्त लागतो, छाती धडधडते, झोप उडते. म्हणून चहा कमी करायचा, पण एकदम बंदही नाही करायचा, कारण कॅफीनमुळे लिथियम लघवीवाटे जास्त जातं आणि चहा अचानक थांबवला की लिथियमची लेव्हल वर चढू शकते. सहा कपांवरून तीनवर आलो, दोन आठवडे घेऊन, आणि लेव्हल परत तपासली.

आता गमबद्दल. २ एमजीचा गम प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो, ४ एमजीला चिठ्ठी लागते. मी २ एमजी घेतला, आधी पुदिना मग पान फ्लेवर, पान बरा आहे. मेडिकलवाल्याने "चघळा नुसतं, दादा" एवढंच सांगितलं आणि मी पहिल्या दिवशी साध्या च्युइंग गमसारखा चघळला, परिणामी उचक्या, मळमळ, छातीत जळजळ, दुपारपर्यंत वाटलं हे आपल्याला झेपणारं नाही. असं करायचंच नसतं. हळूहळू चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की परत थोडं चावायचं, असा अर्धा तास. निकोटिन गालातून आत जायला पाहिजे, गिळलं तर पोटाला त्रास आणि तलफ तिथल्या तिथेच. चहा-कॉफी, लिंबू सरबत असलं काही प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीतर नीट शोषलंच जात नाही.

इथेच दीड मार्क कापलेत. लिथियमवर असलेल्या माणसाला तहान फार लागते, माझ्या टेबलावर बाटली कायम असते, आणि गम तोंडात असताना पाणी पिता येत नाही. अर्धा तास फार मोठा वाटतो. शिवाय माझी एक दाढ भरलेली आहे, तिला तो चिकटतो. आणि निकोटिन शेवटी उत्तेजकच, संध्याकाळी उशिरा घेतला तर झोप लांबते, आणि आपल्याला झोप लांबलेली परवडत नाही. माझा नियम, आठनंतर गम नाही. पैशाचं म्हणाल तर दिवसाला आठ-नऊ गम घेऊनही सिगरेटपेक्षा कमीच खर्च आला.

पण तलफ खरंच कमी करतो. पूर्ण जात नाही, धार जाते. जेवणानंतरची आणि फोनवर वैतागल्यावरची, या दोन तलफा गमशिवाय मी काढूच शकलो नसतो.

एका मित्राने "बुप्रोपिऑनची गोळी घे, माझी त्याच्यावर सुटली" असं सुचवलं होतं. त्याचा हेतू चांगला होता पण ते मुळात डिप्रेशनवरचं औषध आहे आणि आपल्यासारख्यांना मॅनियाकडे (मूड बेलगाम वर जाणं) ढकलू शकतं, डॉक्टरांनी माझ्यासाठी नको म्हणून सांगितलं. व्हॅरेनिक्लीन या सिगरेट सोडायच्या दुसऱ्या गोळीबद्दल मला भीती होती, त्याच्या पाकिटावर अमेरिकेत मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा असायचा हे वाचलं होतं. पण २०१६ मध्ये ईगल्स नावाचा मोठा अभ्यास आला, आठ हजारांवर लोक, त्यातले निम्मे मानसिक आजार असलेले, आणि त्यात तसा ठळक धोका दिसला नाही, मग त्याच वर्षी तो इशारा काढला गेला. म्हणजे तो पर्याय बंद नाही, डॉक्टरांशी बोलून घेता येतो. माझं गमवर भागलं.

क्विटलाइन. १८००-११-२३५६. हा नंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. माझ्या डोळ्यांना तो कधी दिसलाच नाही, कारण मी कायम सुट्टी घ्यायचो. सुट्टी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे पण मिळते, सगळ्यांना माहितीये. फोन फुकट, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. मराठीत बोलता येतं. मला वाटलं होतं रेकॉर्डेड उपदेश असेल, कॅन्सरचे फोटो, वगैरे. तसं काहीच नाही. एक मॅडम होत्या, त्यांनी आधी विचारलं दिवसातली पहिली सिगरेट उठल्यावर किती वेळाने, मग कोणत्या जागी, कुणाबरोबर. मी चाचरत बायपोलरचं सांगितलं. त्या एक सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. डॉक्टरांना तारीख माहितीये ना?" बस. आवाजात काही बदल नाही, दया नाही, घाबरणं नाही. मी फोन ठेवून थोडा वेळ तसाच बसलो. दहा वर्षांत हा शब्द ऐकून न बदललेले आवाज मी बोटांवर मोजू शकतो.

नंतर त्यांच्याकडूनच फोन येतात, हे मला फार आवडलं. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायचा, पाणी प्या, जागा बदला, खोल श्वास घ्या, असं साधंच सांगतात, पण ठरलेल्या दिवशी कुणीतरी विचारणार आहे या विचाराने मी दोनदा तरी टपरीच्या अलीकडून वळलोय.

सगळ्यात अवघड होता पाचवा ते नववा दिवस. चिडचिड, हात शिवशिवणं, दोन रात्री चार-साडेचार तास झोप. आता हे सिगरेट सुटल्याचं आहे की हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) चढतोय? दोन्ही सारखंच दिसतं. निकोटिन सुटल्यावर चिडचिड, बेचैनी, झोपमोड, लक्ष न लागणं, उदास वाटणं हे सगळं येतं, पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त आणि मग दोन-चार आठवड्यांत ओसरतं. डॉक्टरांनी एक प्रश्न दिला होता, "कमी झोपलात तर दुसऱ्या दिवशी दमलात का?" दमलो असेन तर बहुतेक सिगरेट. दमलो नसेन, उलट ताजंतवानं वाटत असेल, नवीन बेत सुचत असतील, तर लगेच फोन. ताई रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायची, किती तास झोपलास, दमलायस का, आज किती बोललास, आणि वहीत लिहायची. मी दमलेलो होतो, पार गळून गेलेलो. तरी सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेल्या म्हणून ठरल्याप्रमाणे फोन केला, त्यांनी काही दिवसांसाठी झोपेचं बघितलं आणि अकराव्या दिवशी मी साडेसात तास झोपलो. ताईने त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलाय.

त्याच आठवड्यात एक सोमवार होता, क्विटलाइन बंद, मन फार खाली गेलेलं, रात्रीचे साडेदहा. तेव्हा १४४१६ लावला, टेली मानस, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असतो आणि मराठीत बोलतात. वीस मिनिटं बोललो. हा नंबर क्विटलाइनच्या नंबरशेजारीच सेव्ह करून ठेवा.

अजून एक, वजन. ओलांझापिनने वाढतं, सिगरेट सोडल्यानेही वाढतं, माझं चार किलो वाढलं. डोस कमी झाल्यामुळे आणि संध्याकाळी रंकाळ्याला चालायला जायला लागल्यापासून दोन उतरलंय. याच्या भीतीने सोडायचं थांबू नका, पण आधी माहीत असलेलं बरं.

आता फेब्रुवारी चालू आहे, हंगाम जोरात आहे, रात्री उशिरापर्यंत बिलं चालू असतात आणि मी अजून एकही ओढलेली नाही. गम दिवसाला दोनवर आलाय, खरं तर बारा आठवड्यांत संपवायचा असतो, मला जास्त लागला, डॉक्टरांना माहितीये. जेवणानंतरचा एक आणि चारच्या सुमाराचा एक. चारचा पुढच्या महिन्यात बंद करायचा आहे, त्याआधी लेव्हल परत करायची आहे. झालं की इथेच अपडेट टाकतो. कुणी ओलांझापिनवर असताना सोडली असेल तर तुमचा डोस सांगू नका, पण किती दिवसांनी झोप जागेवर आली तेवढं नक्की लिहा, इथे वाचणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.